म्हैस गेली, आता घरच्यांचं काय?

वाचकाचं पत्र:

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. गेल्या आठवड्यात आमची दुभती म्हैस दगावली. दीड महिन्यापूर्वी रात्री गोठ्यात मोकाट कुत्रं शिरून तिच्या नाकाडाला चावलं होतं. जखम एवढीशीच होती. हळद लावली आणि विसरून गेलो. मग एके दिवशी तिनं वैरण सोडली, तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. घशात काही अडकलंय म्हणून मालकांनी तोंडात हात घालून बघितलं. शेजारच्या दादांनी नळीनं काढा पाजला. पाचव्या दिवशी ती गेली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, पिसाळल्याची लक्षणं आहेत, खोल खड्डा करून पुरा.

तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. आम्ही सगळ्यांनी तिचं दूध प्यायलंय. चार घरी रतीब होता, उरलेलं डेअरीला जायचं. आता गावात सांगायचं का? सांगितलं तर दोन गाईंचं दूधसुद्धा कुणी घेणार नाही. सासूबाई म्हणतात, पोटात चौदा इंजेक्शनं घेण्यापेक्षा देवऋष्याकडं जाऊन या, तो कुत्र्याचं उतरवतो. मालक म्हणतात, मला काय झालंय? सासरे विचारतात, पूर्वी एवढी कुत्री नव्हती, ओढ्याकाठच्या मढ्यावर गिधाडं उतरायची, ती कुठं गेली? काय खरं धरायचं, कळत नाही.

ता. क. आमच्या सात वर्षांच्या मुलीला पंधरा-वीस दिवसांपूर्वी शाळेजवळच्या पिल्लाचा दात लागला होता. रक्त आलं नव्हतं. तिलाही इंजेक्शन लागेल का?

उत्तर:

ताई,

पत्राखाली तुम्ही फोन नंबर लिहिला होता हे फार बरं झालं. पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, तो त्या शेवटच्या तीन ओळींसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मुलीला आणि मालकांना घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेलात, तिघांचीही लस सुरू झाली, हे कळल्यावरच मी हे लिहायला बसलो. फोनवर जे घाईघाईनं बोललो ते आता सावकाश मांडतो. तुमच्यासाठी तर आहेच, पण ज्यांच्या दावणीला जनावर आणि अंगणात पोर आहे अशा सगळ्यांसाठीही आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात दुधावर सगळ्यात जास्त मजकूर आहे. मालकांच्या हातावर एक वाक्य, शेजारच्या दादांवर एक वाक्य. मुलगी ताज्या कलमात. आणि तुम्ही स्वतः कुठंच नाही. मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही सहज म्हणालात, ‘तोंडाचा फेस मीच पुसत होते, पदरानं आणि हातानं.’ भांडी घासून आणि शेणात राहून भेगाळलेले ते हात. घरावर संकट आलं की काळजी सगळ्यांचीच लागते, पण या रोगात ती कुठं लावायची हे कळणं जिवाचं असतं. तुमची सगळी काळजी दुधाकडं वाहत गेली होती, आणि धोका होता लाळेत.

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. तो दुसऱ्याच्या अंगात शिरतो तो चाव्यातून, ओरखड्यातून, कापल्या-खरचटल्या कातडीवर लाळ लागली तर तिथून, नाहीतर डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या ओल्या त्वचेतून. धडधाकट, न फाटलेल्या कातडीतून त्याला आत जाता येत नाही. आत गेल्यावर तो रक्तातून फिरत नाही, मज्जातंतूची वाट धरतो. जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरायचं, तिथून पाठीच्या कण्यात आणि मग मेंदूत. ही चाल सावकाश असते. म्हणून चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत माणसात बहुधा एक ते तीन महिने जातात. कधी आठवड्याभरात दिसतात, कधी वर्षही लागतं. चावा मेंदूच्या जितका जवळ तितकी वाट आखूड. तुमच्या म्हशीला नाकाडालाच चावा होता.

मेंदूत पोचल्यावर तोच विषाणू उलट वाटेनं लाळेच्या ग्रंथींत उतरतो. घशाचे स्नायू लुळे पडतात, जनावराला स्वतःची लाळ गिळता येत नाही, म्हणून ती लोंबते. रेकणं घोगरं होतं, तुमच्या म्हशीचं झालं होतं तसं. मागचे पाय ढिले पडतात. बघणाऱ्याला वाटतं, घशात बाठ अडकली किंवा कणसाचा बुरकुंडा अडकला. आणि आपला शेतकरी जिवाभावाच्या जनावरासाठी दुसरा विचार न करता बाही सारून हात आत घालतो. मालकांनी जे केलं ते प्रेमापोटी केलं, त्यात त्यांची काही चूक नाही. पण सगळ्यात जास्त लाळ असते ती नेमकी तिथंच. हातावर विळ्याचे दोन-चार वार असतातच आणि आतले दात नवे ओरखडे काढतात. जनावर पिसाळलेलं असलं म्हणजे चावतंच, धावून येतंच, असं नाही. गाई-म्हशींत पुष्कळदा हा रोग असा गुपचूप, अन्न सोडून आणि लाळ गाळत येतो. माझी तीस वर्षांची नोकरी गुरांच्या सरकारी दवाखान्यात गेली, आणि नव्या पोरांना मी पहिली गोष्ट हीच सांगत आलो की लाळ गळतेय आणि गिळता येत नाही असं जनावर दिसलं, तर आधी हातमोजा आणि मग हात.

हे मी कुणाकडून ऐकून शिकलो नाही. १९८७ साली डोंगरी भागात नेमणूक असताना एका बैलाच्या तोंडात मी उघडा हात घातला होता. चौथ्या दिवशी बैल गेला. मग मला पोटात चौदा सुया घ्याव्या लागल्या. रोज एक. पोटावर लिंबाएवढ्या गाठी उठायच्या, कुशीवर वळता येत नव्हतं. म्हणून सासूबाईंना सांगा, त्या पोटातल्या इंजेक्शनांना भितात ते अगदी खरं आहे, मी ती घेतलेली आहेत. पण ती लस आता राहिलेली नाही. डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरांनी हिमाचलातल्या कसौलीला १९११ मध्ये ती तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, तो मारायचा आणि त्या मेंदूचाच द्राव टोचायचा, अशी ती पद्धत. जीव वाचायचे, पण मेंदूचं परकं ऊतक अंगात गेल्यामुळं काही जणांना अर्धांगासारखा त्रास व्हायचा. २००४-०५ च्या सुमारास आपल्या देशात ती बंदच झाली. आताची लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवतात, मेंदूचा अंशही तिच्यात नसतो. ती दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीच्या आत, दोन्ही दंडांवर अगदी थेंबभर, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, असं देतात. स्नायूत दिली तर चौदाव्या दिवसाची एक सुई वाढते. दिवस मोजताना पहिली सुई शून्याव्या दिवशी धरायची. सरकारी रुग्णालयात पैसे पडत नाहीत.

लस टोचली म्हणजे लगेच संरक्षण मिळालं असं होत नाही. आपल्या शरीराला स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी द्रव्यं, तयार करायला आठवडाभर तरी लागतो, कधी दोन. तोवर विषाणू मज्जातंतूपर्यंत पोचला तर? म्हणून जिथं कातडी फाटून रक्त आलंय किंवा जखमेवर लाळ गेलीय, तिथं आयती प्रतिपिंडं टोचतात. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात, दवाखान्यात ‘सीरम’ही म्हणतात. ते जखमेत आणि जखमेभोवती भरतात. दुखतं, पण ते टाळू नये. लशीची पहिली सुई होऊन सात दिवस उलटले की मग ते देत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टरांना स्वतःहून विचारावं. मालकांना आणि तुम्हाला ते दिलं, हे योग्यच झालं.

उशीर झालाय म्हणून आता जाऊन काय उपयोग, असं कुणी म्हणत असेल तर त्याला सांगा, लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला नसतो. महिना गेला असला तरी जावं. लक्षणं दिसल्यावर मात्र आजच्या घडीला वैद्यकशास्त्राकडं जवळजवळ काहीच नाही. पाण्याचा घोट घेताना घसा आवळतो, वाऱ्याची झुळूक सोसत नाही, आणि काही दिवसांत माणूस जातो. इतका जीवघेणा आणि तरीही इतका हमखास टाळता येणारा दुसरा रोग मला माहीत नाही. म्हणून मी याबाबतीत हट्टी आहे.

शेजारचे दादा अजून गेले नाहीत, असं तुम्ही परवा सांगितलंत. त्यांनी काढा पाजताना म्हशीचा जबडा धरला होता, नळी आत घातली होती. त्यांच्या बोटाला चिंधी बांधलेली होती हे तुमच्या लक्षात आहे. ताई, गावात सांगायचं की नाही या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. तुम्ही गप्प बसलात तर दूध घेणाऱ्या चार घरांचं काही बिघडणार नाही, पण या एका माणसाचं बिघडू शकतं. आधी त्यांच्याकडं जा. मालकांना घेऊन जा, त्यांचं लशीचं कार्ड दाखवा, आणि उद्या सकाळी त्यांना गाडीवर बसवून घेऊन जा. तुमच्यासाठीच ते धावून आले होते. म्हशीला आणखी कुणी हात लावला, कुणी तोंड धरलं, पुरताना कुणी ओढलं, आठवून चार नावं काढा आणि त्यांनाही निरोप द्या. गावच्या आशा स्वयंसेविका ताईंच्या कानावर घातलंत तर त्या हे काम तुमच्याहून नेटानं करतील.

आता दूध. पिसाळलेल्या जनावराचं दूध पिऊन माणसाला रेबीज झाल्याची खात्रीशीर नोंद जगात कुठंही नाही. शिवाय हा विषाणू उष्णतेपुढं टिकत नाही. साठ अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवला तरी तो मरतो, मग उकळी फुटलेल्या दुधात तो कुठून राहणार? तुमच्या घरी दूध तापवूनच पितात, रतीबाच्या घरीही तापवतात, डेअरीत पाश्चरीकरण होतं. दूध, चहा, तूप, दही, यातल्या कशासाठीही कुणाला सुई टोचून घ्यायची गरज नाही. कुणी धारोष्ण दूध प्यायलं असेल, तर त्यांनी डॉक्टरांना तेवढं सांगावं आणि डॉक्टर म्हणतील तसं करावं. आजारी जनावराचं दूध मात्र कधीच वापरू नये, रोग कोणताही असो. रतीबाच्या चारही घरी हे सगळं तुम्ही स्वतः जाऊन सांगा. बातमी आधीच गावभर झालेली असते, फक्त तुमच्यासमोर कुणी बोलत नाही. दुधाच्या धास्तीनं अख्खं गाव लशीच्या रांगेत उभं राहिलं, तर लस संपते, आणि ज्याच्या पायाला खरंच कुत्रं चावलंय तो रिकाम्या हातानं परत जातो. तुम्ही घरोघर जाऊन ‘लाळ लागली असेल तर जा, दुधासाठी जाऊ नका’ एवढं सांगितलंत, तर ती रांग थांबते. गाईंचं दूध चार दिवस कुणी घेणार नाही, हे खरं आहे, ते सोसावं लागेल. ज्या घरानं खरं सांगितलं त्या घराचं दूध लोक पुन्हा घेतात, असं मी पाहिलंय.

गाईंबद्दल तुमच्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: त्या रात्री कुत्रं त्यांनाही चावलं असण्याची शक्यता आहे का, आणि त्यांची लस कधी सुरू करायची. अंगभर हात फिरवून, विशेषतः पाय, कान आणि नाकाड, वाळलेली जखम सापडते का बघा. हातमोजे घालून. रेडकाचंही तसंच. त्यांच्या वैरणीत, पाण्यात तीन महिने बदल दिसतो का याकडं लक्ष ठेवा. म्हैस पुरलीत, कातडी सोलायला दिली नाहीत, हे उत्तम केलंत. रेबीजची पक्की खात्री मेंदू तपासूनच होते, पण त्यासाठी आता खड्डा उकरायचा नाही.

देवऋष्याचं. सासूबाईंशी भांडू नका. त्यांनी त्यांच्या हयातीत दहा-वीस माणसं त्याच्याकडं जाऊन बरी झालेली पाहिली असतील, आणि ती खरोखर जगली असतील. ती का जगली, ते समजून घ्यायला हवं. चावणाऱ्या कुत्र्यांतली बहुतेक पिसाळलेली नसतातच. कुणी शेपटीवर पाय दिला, कुणी पिल्लं उचलली, म्हणून चावतात. अशा शंभर जणांना नुसतं पाणी पाजून घरी पाठवलं तरी रेबीजनं कुणी मरणार नाही, आणि त्या शंभरांचं श्रेय पाणी देणाऱ्याला जाईल. पिसाळलेलं कुत्रं चावूनही सगळ्यांनाच रोग होतो असं नाही. ज्याला होतो तो दोन महिन्यांनी मरतो, आणि तोवर चाव्याचा आणि मरणाचा संबंध लोक विसरून गेलेले असतात. म्हणून देवऋष्याच्या खात्यावर मरणं जमा होत नाहीत. सासूबाईंना त्यांच्या समाधानासाठी नारळ फोडायचा असेल तर फोडू द्या. सुई झाल्यावर. फक्त जखमेवर मिरचीपूड, चुना, तंबाखू, तेल असलं काही भरू देऊ नका. त्यानं जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जातो.

जखमेवर लावायचं ते एकच, साबण. नळाच्या किंवा तांब्याच्या धारेखाली, साबण चोळून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. धुणं-भांड्याचा असला तरी चालतो. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं, आणि साबण तेलकट कढईला जे करतो तेच त्या आवरणाला करतो. आवरण फाटलं की विषाणू निकामी. पंधरा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण रडणाऱ्या पोराचा हात धरून बसलं की ती फार लांबतात. तरीही पुरी करायची. मग टाके न घालता, घट्ट पट्टी न बांधता तसंच दवाखान्यात जायचं.

पॅरिसमध्ये १८८५ च्या जुलैत नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याची आई लुई पाश्चर यांच्याकडं घेऊन आली होती. योसेफ माइस्टर त्याचं नाव. दोन दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, अंगावर अनेक जखमा होत्या. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत, म्हणून सुई टोचली ती ग्रांशे नावाच्या डॉक्टरांनी. रेबीज झालेल्या सशांचे मज्जारज्जू वाळवून विषाणूचा जोर कमी करून ती लस तयार केली होती. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नव्हता. तरीही मूल वाचलं. मोठेपणी तो पाश्चर संस्थेतच रखवालदार झाला. तुमच्या मुलीच्या दंडावरचा तो थेंब तिथून निघून इथवर आलाय. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन, म्हणून त्या दिवशी जगभर रेबीज दिन पाळतात. त्या सुमारास अनेक ठिकाणी कुत्र्यांना मोफत लस देतात, तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

आता तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नाकडं येतो, आणि त्याचं उत्तर देताना मला जड जातं. गिधाडं गेली त्यात आम्हा गुरांच्या डॉक्टरांचा हात आहे. नव्वदीच्या दशकात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध जनावरांसाठी स्वस्तात मिळायला लागलं. सुजलेला पाय, कासदाह, ताप, कशालाही ते चालायचं, आणि लगेच गुण यायचा. मी स्वतः शेकडो जनावरांना ते टोचलंय. औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत एखादं जनावर दगावलं की त्याच्या मांसात ते शिल्लक असायचं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं, आतल्या अवयवांवर चुना फासल्यासारखा युरिक आम्लाचा पांढरा थर चढायचा, आणि पक्षी मान टाकून मरायचा. एका मढ्यावर पन्नास-पन्नास गिधाडं उतरत, त्यामुळं शंभर मढ्यांतल्या एखाद्यातही औषध असलं तरी थव्यांचे थवे संपायला पुरेसं होतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक गेली. आम्हाला बरीच वर्षं कारणच कळलं नाही, कुणी म्हणे साथ आहे, कुणी म्हणे कीटकनाशक आहे. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं तपासून २००४ मध्ये ते दाखवून दिलं. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली.

गिधाडं गेल्यावर मढी राहिली. पूर्वी तासाभरात साफ होणारं मढं आता आठ-आठ दिवस पडून राहायला लागलं, आणि त्यावर कुत्री पोसली. गिधाडं कमी झाल्यामुळं १९९२ ते २००६ या काळात देशात रेबीजचे सुमारे ४७ हजार जादा मृत्यू झाले असावेत, असा अनिल मार्कंड्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अंदाज आहे. २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडांचे जिल्हे आणि बिनगिधाडांचे जिल्हे ताडून पाहिले. २००० ते २००५ या पाचच वर्षांत जादा मृत्यू पाच लाखांच्या घरात जातात, असं त्यांचं गणित सांगतं. त्यात रेबीजसोबत सडक्या मढ्यांनी नासलेलं पाणीही आलं. आकडे अंदाजाचे आहेत, पुढं-मागं होतील. पण एका सुजलेल्या पायाला टोचलेली सुई कुठल्या कुठं गेली, हे मला कळायला दहा वर्षं लागली आणि ते मी अजून विसरलेलो नाही. तुमच्या सासऱ्यांनी ओढ्याकाठी उभं राहून ते नुसत्या डोळ्यांनी टिपलं होतं: गिधाडं गेली, कुत्री वाढली. त्यांना माझा नमस्कार सांगा.

यातून तुमच्या घरापुरतं करण्यासारखं आहे ते करा. गाईला वेदनाशामक लागलं तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा. गुरांसाठी ते चांगलं आहे आणि गिधाडांना त्यानं अपाय होत नाही. माणसांच्या मेडिकलमधून आणलेली बाटली जनावराला टोचू देऊ नका. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गावकऱ्यांनी पांढऱ्या पाठीची गिधाडं जपली आहेत, म्हणजे सगळंच संपलेलं नाही.

आणि ओढ्याकाठची ती कुत्र्यांची टोळी. गावात दोन मतं असतील: एक म्हणणार सगळी मारून टाका, दुसरं म्हणणार बिचारी मुकी जनावरं आहेत, राहू द्या. मारून प्रश्न सुटत नाही, हे मी पाहिलंय. जागा रिकामी झाली की शेजारच्या गावची, लस न घेतलेली कुत्री येतात. कायद्यानंही ते चालत नाही. पण नुसतं राहू देणं हाही उपाय नाही, तुमची म्हैस त्यातच गेली. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. गोव्यानं ते करून दाखवलंय. तिथं सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून २०१४ पासून गावोगाव जाळी घेऊन फिरून कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तुमच्या ग्रामपंचायतीला एवढं सगळं एकदम जमणार नाही. पण मढी टाकायची जागा बंद करून खड्ड्याची सोय करणं, वर्षातून एकदा लशीचा दिवस ठरवणं, हे ग्रामसभेत मांडता येईल. मालकांनी मांडावं. ज्याची म्हैस गेली त्याचं लोक ऐकतात.

मुलीबद्दल शेवटी लिहितोय, पण सगळ्यात जास्त मनात तीच आहे. ‘रक्त आलं नव्हतं’ या वाक्यानं मी उठून बसलो होतो. दात लागून नुसती रेघ उठली, रक्त आलं नाही, तरी लस घ्यावीच लागते. रक्ताचा ठिपका असेल तर सीरमही लागतं. फोनवर तुम्ही तिला विचारलंत आणि ती म्हणाली, ‘थोडंसं आलं होतं, मी फ्रॉकला पुसलं.’ हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत म्हणून तिला सीरम मिळालं. पिल्लू गोजिरवाणं असतं, म्हणून त्याचा दात कुणी मोजत नाही. पण त्याला लस मिळालेली नसते, आणि पिसाळलेल्या आईचा चावा त्याला आधी मिळालेला असू शकतो. कुत्रं किंवा मांजर असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येते. चावल्यानंतर दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात, आणि पुढची लस थांबवायची का ते डॉक्टर ठरवतात. मात्र त्या दहा दिवसांत लस चालूच ठेवायची असते, वाट बघत बसायचं नसतं. तुमच्या मुलीचं पिल्लू तर दुसऱ्याच दिवसापासून दिसलेलं नाही.

तिनं वीस दिवस का सांगितलं नाही, हे तुम्ही तिला जवळ घेऊन विचारलंत. ‘पिल्लाशी खेळू नको म्हणून आज्जी रागावली असती,’ असं ती म्हणाली. जगात रेबीजचे बळी ठरणाऱ्यांत लहान मुलं फार आहेत, आणि त्यातली कितीतरी अशीच, ओरडा बसेल म्हणून गप्प राहिलेली असतात. तिला आज रागावू नका, आणि पुढच्या वेळी गुडघा फोडून आली तरी रागावू नका. दात लागला, नख लागलं, जिभेनं चाटलं, काहीही झालं तरी पळत घरी येऊन सांगायचं, आणि सांगितलं की आधी साबण आणि मग गोळी-बिस्किट, असं तिच्याशी ठरवून टाका. आज्जींनाही त्यात घ्या, साबण लावायचं काम त्यांच्याकडं द्या. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांना पाजणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही, अंगावर आलं तर पळायचं नाही, हात छातीशी धरून खांबासारखं उभं राहायचं, हे तिला खेळ म्हणून शिकवा.

पिल्लाचं काय झालं असेल, असं ती रोज विचारते, असं तुम्ही म्हणालात. खोटं सांगू नका. आजारी असावं, बहुधा गेलं असेल, एवढं सांगा आणि तिला रडू द्या. तिच्या कार्डावरच्या अठ्ठाविसाव्या दिवसाच्या तारखेभोवती दिनदर्शिकेवर तिच्याच हातानं लाल गोल काढून घ्या. शाळा असली, पाहुणे आले, शेतात सुगी आली, तरी त्या दिवशी सकाळी जायचं. तीन सुया झाल्या की घरचे निर्धास्त होतात आणि चौथी राहून जाते. त्या दिवशी संध्याकाळी मला फोन करा, मी वाट बघतोय.